मोडक्या खुब्यामागे पेण-रोहा

पेण

पेणला लोक गणपतीच्या मूर्ती ठरवायला जातात. मी गेले ती मोडलेल्या खुब्यांसाठी. १९९६ सालचा पौष होता. पुण्याच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी यंत्रशास्त्र शिकवत होते आणि जोडीला पीएच.डी. करत होते. मांडीचं हाड वर, खुब्यापाशी, म्हणजे त्याच्या मानेत मोडलं, तर कुठल्या पद्धतीच्या स्क्रूंनी ते जास्त घट्ट धरलं जातं, हा माझा विषय. खरं हाड मी कधी हातात घेतलं नव्हतं. माझं हाड संगणकात होतं. त्याचे हजारो बारीक ठोकळे पाडायचे, वरून शरीराचा भार द्यायचा आणि कुठल्या ठोकळ्यावर किती ताण येतो ते काढायचं, अशी ती रीत. कॉलेजातला संगणक संध्याकाळी गणित घेऊन बसला की सकाळी उत्तर देई.

तीन पद्धती मी ताडून पाहत होते. एकीत तीन बारीक स्क्रू त्रिकोणात बसवायचे, त्रिकोणाचं टोक वर. दुसरीत तेच तीन, पण टोक खाली. तिसरीत एकच जाड स्क्रू आणि त्याला धरून मांडीच्या बाजूवर एक पोलादी पट्टी. उत्तरं येत होती, पण एकमेकांशी भांडत होती. भार जरासा तिरका केला की पहिला नंबर बदलायचा. वर्षभर हे चालल्यावर आमचे सर म्हणाले, "अहो, हे स्क्रू ज्यांच्या अंगात आहेत त्या माणसांना एकदा बघून या." त्यांच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर पेणला होते. नाव प्रभाकर. गावात सगळे त्यांना प्रभाकर डॉक्टरच म्हणत.

खोपोलीवरून एस.टी.नं पेणला उतरले आणि लगेच चुकले. दवाखान्याचा पत्ता विचारला तर एकानं डावीकडे दाखवलं, दुसऱ्यानं उजवीकडे. तिसरा म्हणाला, "हाडवालं व्हय? हितंच हाय की, हात सुकत घातलेत त्या बोळात." हात म्हणजे काय, हे बोळात शिरल्यावर कळलं. पौषातच मूर्तींचं काम जोरात सुरू होतं. फळीवर गणपतीचे आशीर्वादाचे हात ओळीनं उन्हात ठेवले होते. ते बघायला थांबले, काखेतली आलेखांची गुंडाळी भिंतीला टेकवली, ती घसरून थेट रंगाच्या पांढऱ्या पाण्यात गेली. कारखान्यातल्या बाईंनी ती झटकून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "देवाचाच रंग हाय, काय नाय व्हनार." माझे लाल-पिवळे ताण अर्धे पांढरे झाले होते.

प्रभाकर डॉक्टर पन्नाशीचे, ठेंगणे, जाड चष्म्याचे. चहा यायच्या आत त्यांनी दिव्याच्या काचेवर दोन क्ष-किरण चित्रं लावली.

"मॅडम, यातला एक माणूस आज रोह्याला कुंडलिका नदीचा पूल रोज चालून ओलांडतो. दुसऱ्याचे स्क्रू सहा महिन्यांत बाहेर आले, परत ऑपरेशन करावं लागलं. कुठला कोण, ते सांगा."

डावीकडच्या चित्रात दोनच स्क्रू होते, तेही जवळजवळ, एक जरा वाकडा. उजवीकडे तीन, समांतर, पुस्तकातून काढून ठेवल्यासारखे. मी उजवीकडच्यावर बोट ठेवलं. "हे चालतात."

"उलटं आहे."

"मग डावीकडचं हाड चांगलं असेल."

"तोच वयानं मोठा."

"मोडण्याची रेघ आडवी असेल."

"दोघांचीही साधारण तशीच." त्यांनी चित्रं काढली. ते मला चिडवत नव्हते. "मी तुम्हाला कोड्यात टाकायला नाही दाखवलं. मी स्वतःच कोड्यात आहे, म्हणून तुमच्या सरांना पत्र टाकलं."

दुपारी त्यांच्या घरी जेवले. सुमनवहिनींनी जमिनीवर पाट मांडले. तांदळाची मऊ पांढरी भाकरी, वालाचं बिरडं आणि मासे खाणाऱ्यांसाठी जिताड्याचं कालवण. आमच्या घरी कितीतरी वर्षांपासून टेबल आहे. मांडी घालून बसले तेव्हा माझेच गुडघे बोलले. वाढून झाल्यावर वहिनी आमच्यासमोर उकिडव्या बसल्या, आणि भाकरी आणायला उठल्या त्या हाताचा आधार न घेता, सरळ मांड्यांच्या जोरावर. माझा घास हातातच राहिला. माझ्या गणितातला माणूस एका पायावर ताठ उभा असायचा. त्याच्यावर येणाऱ्या भाराचे आकडे मी एका परदेशी पुस्तकातून घेतले होते. तो माणूस खुर्चीवर बसत असणार. उकिडवं बसून उठताना खुब्याच्या गोळ्यावर भार वरून नाही, समोरून मागे येतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तो भार देऊन पाहावा, हे मनातच आलं नव्हतं.

"वहिनी, जरा परत उठून दाखवाल?"

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "उठ गो. मॅडमचा अभ्यास आहे."

तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. टेम्पोतून एका बाईंना आणलं होतं. चांगुणाबाई, पंचावन्नच्या आसपास, खाडीकाठच्या मिठागरावर काम करणाऱ्या. सकाळी ओल्या बांधावरून पाटी घेऊन जाताना पाय सरकला आणि डाव्या कुशीवर पडल्या. सोबत त्यांची सून, बेबी. चांगुणाबाईंचा डावा पाय बाहेरच्या अंगाला वळून पडला होता. त्या रडत नव्हत्या. फक्त कोणी जवळ आलं की "हात नको लावूस" म्हणत.

चित्र काढलं. हाड मानेतच मोडलं होतं, आणि रेघ उभी, कड्यासारखी. अशी रेघ सगळ्यात वाईट. उभं राहिलं की वरचा तुकडा घसरणीवरून खाली उतरायला बघतो.

डॉक्टरांनी ती काच माझ्याकडे वळवली. "उशीर केला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटेल. परवा सकाळी करायचं. माझ्याकडे ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं हलतं क्ष-किरण यंत्र नाही, ते रोह्याच्या एका दवाखान्यात आहे, मी अशी ऑपरेशनं तिथं जाऊन करतो. गोळाच बदलता येईल, पण मग मिठागरावर उकिडवं बसणं संपलं. म्हणजे स्क्रू. आता तीन बारीक घालू, की जाड आणि पट्टी? तुमचं मशीन काय म्हणतं?"

असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. माझे प्रश्न परीक्षकांचे असायचे.

"अशा उभ्या रेघेला जाड स्क्रू आणि पट्टी," मी म्हणाले. मग वहिनींचं उठणं आठवलं. "म्हणजे, माणूस उभा असेल तर."

संध्याकाळी एस.टी. स्टँडजवळच्या बूथवरून पुण्याला माझा सहकारी शिरीष याला फोन केला. भार समोरून द्यायचा, अमुक कोनात, आणि तिन्ही पद्धती पुन्हा सोडवायच्या, असं सांगितलं. "हा कोन कुठून काढलास?" त्यानं विचारलं. "डॉक्टरांच्या बायकोवरून," मी म्हणाले. त्यानं तो कोन माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला, आणि मीटर पळत होता.

गडबच्या रस्त्यानं

सकाळी चांगुणाबाईंना जीपमध्ये आडवं घातलं आणि आम्ही रोह्याला निघालो. बेबी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी त्यांच्या पायापाशी. पायाला वाळूच्या पिशव्यांचा आधार होता आणि त्या हलू नयेत म्हणून मी दोन्ही हातांनी धरल्या होत्या. रस्ता सरळ होता, पण खड्डा आला की त्यांचा ओठ दातात जायचा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, त्यांत वाल पेरलेला. वाटेत गडब गावी डॉक्टरांनी जीप चहासाठी थांबवली. बेबीनं सासूला बशीतून घोट घोट चहा पाजला.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू डाक्टरीन हायस?"

"नाही. मी शिकवते. तुमच्यासारखं मोडलेलं हाड मी मशीनमध्ये करून बघते. कसं सांधलं तर टिकेल ते."

"मंग मशिनीत जो पाय हाय, तो कोनाचा?"

मी गोंधळले. ते हाड एका मोठ्या इस्पितळाच्या सी.टी. स्कॅन यंत्रातून आलेलं होतं, नाव काढून टाकलेलं. "एका पुरुषाचा. कोण ते मला माहीत नाही."

"जिता हाय का मेला?"

"तेही माहीत नाही."

त्या विचारात पडल्या. मग बेबीला म्हणाल्या, "आयकलंस गो? परक्या बाप्याचा पाय. त्याच्यावरनं माजा."

बेबी हसली नाही. तिनं मला विचारलं, "बाय, पण आमच्या आई चालतील ना? शेतावर, मिठावर, समद्यावर त्याच जातात. मी लेकरां बगते. त्या बसल्या तर घर बसल."

मी म्हणाले, डॉक्टर चांगले आहेत. याहून जास्त बोलण्याचा मला अधिकार वाटला नाही, आणि एवढं बोलून मी काहीच सांगितलं नाही हे तिलाही कळलं.

रोहा आणि अष्टमी

रोह्याला दाखल करून झाल्यावर मी पुन्हा फोन शोधला. इथं कारखान्यांची शिफ्ट सुटलेली, बूथपाशी निळ्या कपड्यांतली माणसं घरी फोन लावत उभी. माझा नंबर आला. शिरीषनं आकडे वाचून दाखवले आणि मी ते हातावर पेननं लिहिले.

सगळं उलटं झालं होतं. समोरून भार दिल्यावर जाड एकटा स्क्रू मागे पडला, कारण खुब्याचा गोळा त्याच्याभोवती चाकासारखा फिरायला बघत होता. तीन बारीक स्क्रू एकमेकांपासून दूर असल्यानं त्याला फिरू देत नव्हते. म्हणजे उभी राहिली तर पट्टी बरी, बसली-उठली तर तीन स्क्रू बरे. आणि चांगुणाबाई दोन्ही करणार.

डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले. "काल तुम्ही पट्टी म्हणालात."

"हो."

"आज तीन."

"आज दोन्ही म्हणते. आणि डॉक्टर, तो कोन मी अंदाजानं धरला आहे. तो चुकला असेल तर हेही चूक."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चला, अष्टमीला जाऊन येऊ. कालच्या चित्रातला माणूस दाखवतो."

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून आम्ही पलीकडे अष्टमीला गेलो. हमीदभाईंचं कापडाचं दुकान. वय सत्तरीच्या पुढे. ते दोन स्क्रू अंगात घेऊन ते गादीवर मांडी घालून बसले होते, आणि आम्हाला बघताच थानांच्या ढिगाला हात न लावता उठले.

"बसा ओ बाई. डॉक्टरसाहेब, खैरियत?"

मी त्यांना विचारलं, ऑपरेशननंतर काय काय केलं? किती दिवस पाय टेकला नाही?

"साहेब म्हणाले होते, पाय टेकायचा नाय. मी कुठला ऐकतोय? नमाज होता, दुकान होतं. महिन्याभरात टेकला."

डॉक्टर पुढे झाले. "हमीदभाई, मला तर तुम्ही सांगितलंत तीन महिने टेकला नाही म्हणून."

हमीदभाईंनी नजर चुकवली. "तुमी रागवाल म्हणून बोललो."

परतताना पुलावर डॉक्टर मध्येच थांबले. खाली ओहोटीचं पाणी, चिखलात अडकलेली एक होडी. "आणि तो दुसरा," ते म्हणाले, "ज्याचे स्क्रू निघाले, तो बिचारा घाबरून चार महिने खाटेवरनं उठलाच नव्हता. मला वाटत होतं तो चोरून चालला असणार. त्याला बोललोही होतो मी." मी विचारलं, म्हणजे लवकर टेकलेला बरा? ते म्हणाले, "दोन माणसांवरून काय सांगू? आता मला तेही कळत नाही."

वॉर्डात आल्यावर त्यांनी चांगुणाबाईंच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि सगळं त्यांच्यासमोर मांडलं. तीन बारीक घातले तर चीर लहान, पण पुष्कळ दिवस पायावर वजन नाही. जाड घातला तर चीर मोठी, दुखणं जास्त, पण लवकर उभं राहता येईल. बसायचं म्हणाल तर, त्यांनी माझ्याकडे बोट केलं, या मॅडमच्या मते पहिलं बरं. पण त्यांचीही खात्री नाही.

चांगुणाबाई छताकडे बघत ऐकत होत्या. "मना काय समजतं त्यातलं? तुमाला समजत नाय तं मना काय इचारता?"

"पाय तुमचा आहे म्हणून."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. बेबी पदराचं टोक पिळत होती. "उभी कर," चांगुणाबाई म्हणाल्या. "बसायचं मंग बगू."

ऑपरेशन

सकाळी मला हिरवा झगा आणि तोंडाला फडकं देऊन कोपऱ्यात उभं केलं. कशालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद. चांगुणाबाईंना कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे त्या जाग्या होत्या. पडद्याच्या पलीकडून अधूनमधून त्यांचं पुटपुटणं ऐकू येई. डॉक्टरांनी पाय ओढून, आत वळवून हाड जागेवर आणलं. क्ष-किरण यंत्राच्या छोट्या पडद्यावर ते करडं दिसत होतं. माझ्या संगणकातलं हाड रंगीत असतं, त्याच्या कडा स्वच्छ असतात. हे धुक्यातल्यासारखं होतं आणि त्या धुक्यात ते अंदाजानं सुतारकाम करत होते. घाम आला की नर्स त्यांचं कपाळ पुसे.

आधी एक बारीक तार गोळ्यापर्यंत नेली. तिच्यावरून भोक पाडलं. मग जाड स्क्रू पिळायला सुरुवात केली. मी यंत्राच्या पडद्याकडे बघत होते. स्क्रू मोडीच्या पलीकडे गेला, आणखी थोडा गेला, आणि गोळा हलला. स्क्रूबरोबर तो फिरत होता. इतका कमी, की मला वाटलं डोळ्यांचा भास.

"डॉक्टर, फिरतोय," मी म्हणाले. त्या खोलीत मी बोलायचं नव्हतं.

त्यांनी हात थांबवला. चित्र पुन्हा काढलं. खरंच फिरला होता. पडद्याआडून चांगुणाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, आई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्क्रू उलटा पिळून गोळा पूर्वीच्या जागी आणला, त्याच्या वर जरा अंतरावरून दुसरी तार ठोकून गोळा पक्का केला, आणि मग जाड स्क्रू पुन्हा आत घातला. या वेळी गोळा जागचा हलला नाही. पट्टी बसवली. शेवटी ती वरची तार काढायची वेळ आली तेव्हा ते थबकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काढू, की हिच्या जागी एक बारीक स्क्रू ठेवून देऊ?"

"ठेवा," मी म्हणाले. का म्हणाले ते विचाराल तर कालचा हातावरचा आकडा, की आत्ता डोळ्यांनी पाहिलेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी ठेवला.

बाहेर बेबी बाकावर बसली होती. मला बघून उभी राहिली. "झालं?" "झालं," मी म्हणाले, आणि तिच्या जागी मीच बाकावर बसले.

चांगुणाबाईंच्या खुब्यात जे बसलं ते माझ्या तिन्ही पद्धतींत नव्हतं. पुण्याला परतल्यावर मी चौथी पद्धत मांडली. उत्तर आलं, की उभ्या माणसात तो वरचा बारीक स्क्रू जवळजवळ काहीच काम करत नाही. बसत्या माणसात करतो. पण किती, ते मोडीचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती निसरडे धरले यावर. निसरडे धरले तर पुष्कळ करतो, खडबडीत धरले तर नाही. खरे किती निसरडे असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तेच लिहा." मी तेच लिहिलं. परीक्षकांना ते फारसं आवडलं नाही.

पुन्हा पेण

पुढच्या वर्षी थंडीतच पेणला गेले. या वेळी पत्ता विचारावा लागला नाही. डॉक्टर मला स्कूटरवरून खाडीकाठच्या त्या गावाला घेऊन गेले. मिठागरांत पाणी घेतलं होतं, बांधावरून बायका चालल्या होत्या. चांगुणाबाई घराच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. उकिडव्या.

"ही बग कोन आली," त्यांनी आत बेबीला हाक मारली. "परक्या बाप्याच्या पायाची."

मी खाली बसले. दुखतं का विचारलं. पाऊस असला की दुखतं, म्हणाल्या, एरवी नाही. मिठावर जाता का? जाते, पण पाटी आता बेबी उचलते. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, मान हलवली, आणि सोबत आणलेलं ताजं क्ष-किरण चित्र उजेडाला धरून ते बघत बसले. पट्टी, जाड स्क्रू, वरचा बारीक स्क्रू, सगळं जागेवर. मोडीची रेघ शोधावी लागत होती.

"कशानं जुळलं हे?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले. "पट्टीनं? त्या बारक्यानं? की तिच्या हाडाला जुळायचंच होतं?"

मी दोन-चार शेंगा सोलायला घेतल्या. चांगुणाबाई माझ्या खांद्यावर हात टेकून उठल्या, चांगला जड हात होता, आणि चहा टाकायला आत गेल्या. मी त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत राहिले. उंबरा ओलांडून त्या दिसेनाशा झाल्या तरी मी बघतच होते. संगणकातल्या ज्या पायाची मी इतके दिवस गणितं मांडली तो डावा होता की उजवा, हे मला क्षणभर आठवेना.